दोन फायलींची चोरी

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजता माझ्या टेबलावर दोन फायली होत्या. साडेअकराला एकही नव्हती.

सव्वीस वर्षं मी या दवाखान्यात फायली सांभाळते आहे आणि इतक्या वर्षांत एक कागद इकडचा तिकडे झालेला नाही. म्हणून आधी मी टेबलाखाली पाहिलं, मग कपाटात, मग स्वतःवरच चिडून कचऱ्याच्या डब्यात. शेवटी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन म्हटलं, "मास्तरांची आणि त्यांच्या मुलीची, दोन्ही फायली चोरीला गेल्या."

"फायली कोण चोरेल हो?" डॉक्टर म्हणाले.

"त्यातलं काहीतरी कुणाला कळू नये असं ज्याला वाटत असेल, तो."

आमच्याकडे ज्यांच्या घरात एखादं दुखणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय अशी माणसं येतात. मी त्यांना समोर बसवून विचारते, आजोबा कशाने गेले, कितव्या वर्षी, भावंडं किती. मग तक्ता काढते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल त्याला आतून काळं. त्यामुळे मला सगळे तक्तेवाल्या बाई म्हणतात. फटकळ बाई असंही म्हणतात, पण ते माझ्या पाठीमागे.

मास्तरांचा चौकोन मी अकरा वर्षांपूर्वी काळा केला. ते शिंपी. कोट बेतताना एक दिवस कात्री आपोआप उडाली आणि चांगलं कापड वाया गेलं, तिथून सुरुवात झाली. या दुखण्याचं नाव लांबलचक आहे. हातपाय आपल्या मर्जीने झटके देतात, मग जीभ जड होते, आणि माणूस वर्षानुवर्षं अंथरुणात संपत राहतो. मास्तरांचे वडील असेच गेले होते.

याच्या मुळाशी एकच बिघडलेलं जनुक आहे. आपल्या जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. मास्तरांची एक प्रत बरी, एक बिघडलेली. मूल होताना त्यातली एकच पुढे जाते. कुठली, ते कुणाच्या हातात नसतं. छापा की काटा. आणि हे दुखणं इतकं हलकट की एक बिघडलेली प्रत त्याला पुरते, आईकडची चांगली प्रत काही वाचवू शकत नाही. वर चाळिशीपर्यंत ते तोंडही दाखवत नाही. तोवर माणसाने काय करायचं? वाट बघायची.

मास्तरांची मुलगी एकोणतीस वर्षांची. एकुलती एक, वडिलांचं दुकान तीच चालवते. आजवर ती तपासणीला नाही म्हणत आली होती. आता तिला दिवस गेले होते, म्हणून महिन्यापूर्वी येऊन तिने रक्त दिलं. मंगळवारी डॉक्टर तिला सगळं समजावणार होते आणि मी तिला तिचा नंबर देणार होते.

हा नंबर म्हणजे माझीच अक्कल. पूर्वी कुणाच्या तरी सासऱ्याने लॅबमध्ये फोन करून सुनेचा रिपोर्ट काढून घेतला आणि तिला घराबाहेर काढलं. तेव्हापासून आम्ही रक्त नावाशिवाय पाठवतो, फक्त नंबर टाकून. नंबराची चिठ्ठी त्या माणसाच्या फाईलमध्ये, दुसरीकडे कुठेही नाही. जो नंबर सांगेल त्यालाच लॅब रिपोर्ट देते. नंबर नसेल तर आमचे डॉक्टरही त्यांना परके. एवढा शहाणपणा केला आणि तो माझ्याच गळ्याशी आला.

मुलीला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "पुन्हा रक्त दिलं तर?"

"तीन आठवडे लागतील."

तिने पर्समधून प्रसूतिगृहाचं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. वजन, रक्तगट ओ, कितवा आठवडा, आणि खाली तांबड्या पेनाने वेळ: शुक्रवार, दुपारी दोन.

"त्यानंतर काढता येणार नाही म्हणतात. त्याच्या आत कळलं नाही तर मी हे मूल ठेवणार नाही," ती म्हणाली. "बाबांना मी रोज भरवते, बाई. ज्याला पुढे कुणीतरी असं भरवावं लागेल असं मूल मी जन्माला घालणार नाही. माझा निश्चय झालाय."

हातात तीन दिवस होते, आणि बाहेरच्या बाकावर तिची तीन माणसं बसली होती.

२

फायली गेल्या तेव्हा मुलगी डॉक्टरांकडे होती आणि मलाही त्यांनी आत बोलावलं होतं. तेवढ्या अर्ध्या तासात बाकावरची तिघंही एकदा ना एकदा उठली होती. कुणी पाण्यासाठी, कुणी फोनसाठी, कुणी हात धुवायला. नवऱ्याकडे हत्यारांची पिशवी होती, आत्याकडे कापडी पिशवी, आईकडे मास्तरांच्या धुतलेल्या चादरींची मोठी पिशवी. दोन फायली तिन्हींत मावल्या असत्या. पोलिसांना सांगू नका असं मुलगीच म्हणाली. घरातलं दुखणं तिला चव्हाट्यावर आणायचं नव्हतं.

नवरा विजेच्या कंपनीत लाइनमन. त्याच संध्याकाळी मी त्याला खांबाखाली गाठलं. तो उतरून येईपर्यंत मान दुखायला लागली.

"तुम्हाला मूल हवंय," मी म्हटलं. "रिपोर्ट वाईट आला तर बायको ठेवणार नाही. तेव्हा रिपोर्ट न आलेलाच बरा, नाही का?"

त्याने हातमोजे काढले आणि माझ्याकडे बघत राहिला. "रिपोर्ट नसला तरी ती ठेवणार नाही, बाई. घरात महिनाभर तेच बोलते आहे. फाईल पळवून मी माझ्याच पायावर कुऱ्हाड मारून घेऊ का?"

बरोबर होतं. रिपोर्ट आला तर निम्मी तरी आशा होती, न आला तर काहीच नाही. मी जायला वळले तेव्हा त्याने हळूच विचारलं, "तिला असेल का हो? तुम्हाला बघून काही कळतं का?"

"बघून कुणालाच कळत नाही," मी म्हटलं.

बुधवारी सकाळी मास्तरांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, आपणहून आली. साठीची बाई, ठणठणीत. खुर्चीत बसायच्या आत म्हणाली, "तुमच्या त्या तक्त्यात माझी पोरं आहेत ना?"

"दोन चौकोन आहेत. कोरे."

"कोरे असले तरी आहेत ना? दोघांची लग्नं झाली तेव्हा दादाला नुसता अशक्तपणा आहे असं सांगितलं होतं मी. सुनांच्या माहेरी हा कागद गेला तर?"

"म्हणून फाईल उचललीत?"

"उचलणार होते," आत्या म्हणाली. तिला लाजबिज काही नव्हती. "फाडणारच होते तक्ता. वहिनी हात धुऊन आली, जावई फोनवर होता, तेव्हा उठले. पण तुमचं टेबल स्वच्छ. वर एक पेन तेवढं."

"आणि मास्तरांची जाडी फाईल?"

"दादाची कशाला घेऊ? पोरांची नावं पोरीच्या फाईलमधल्या तक्त्यात, असं तुम्हीच म्हणाला होतात." मग तिचा चेहरा उतरला. "पोरीला असेल का हो, बाई? चाल अगदी दादाची आहे. नाकसुद्धा आमच्याच घरातलं."

सव्वीस वर्षं मी ऐकते आहे, नाक आजोबांचं, चाल काकांची, राग आजीचा. माणसाला जे बघायचं असतं ते त्याला दिसतं. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात घुसून बसली. ज्याला रिपोर्ट नको असेल तो मुलीची फाईल नेईल. ज्याला तक्ता नको असेल तोही मुलीचीच नेईल. मग अकरा वर्षांची, वीटभर जाडीची, मास्तरांची फाईल कुणाला हवी होती?

३

बुधवारी दुपारी मी मास्तरांच्या घरी गेले. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. मुलगी दुकानात कापड बेतत होती. तिची कात्री कापडातून अशी जात होती की थांबून बघावंसं वाटलं. मला बघून तिने मान हलवली आणि काम चालू ठेवलं.

आतल्या खोलीत मास्तर. पलंगाच्या चारी बाजूंना उशा बांधलेल्या, कारण झटक्यासरशी हात लाकडावर आपटतात. गेल्या वर्षी ते पडले, डोकं फुटलं, रक्त चढवावं लागलं. त्या वेळचं इस्पितळाचं कार्ड अजून खिळ्याला टांगलेलं होतं. वेळ काढायला मी ते वाचलं. रक्तगट एबी, टाके नऊ. आई त्यांच्या अंगाखालची चादर बदलत होती. एका हाताने त्यांना कुशीवर वळवायचं, दुसऱ्या हाताने ओली चादर ओढायची. अकरा वर्षं दिवसातून चार वेळा. पलंगाला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती.

"बसा," ती म्हणाली. "फायली सापडल्या?"

"नाही."

"त्यात काय काय लिहिलेलं असतं हो?"

"सगळंच असतं."

"म्हणजे यांच्या रक्ताचंही? तिच्याही?"

"दोघांच्याही," मी म्हटलं, आणि मग एक खोटं बोलले. "आता मुलीचं रक्त पुन्हा घ्यावं लागेल. मास्तरांचंही घेऊ. दोन्ही शेजारी ठेवून बघायला बरं पडतं."

आईचा हात चादरीवर थांबला. "तिचं घ्या. खुशाल घ्या. यांना आता सुई नको. खूप सोसलंय त्यांनी."

मास्तर काहीतरी म्हणाले. त्यांचं बोलणं आता फक्त घरच्यांना समजतं. आईने वाकून ऐकलं आणि मला सांगितलं, "पोरीची माफी मागतायत. तिचा विषय निघाला की रोजचंच आहे. माझ्यामुळे तिला होईल म्हणतात."

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात उशीवर आपटत होता. मला तिथे बसवेना. निरोप घेऊन मी रस्त्यावर आले, आणि कोपऱ्यावर पोचले तेव्हा मध्येच थांबले. त्या बोलण्यात काहीतरी नव्हतं. जे असायलाच हवं होतं ते नव्हतं.

४

"लाइनमनने विचारलं, तिला असेल का," गुरुवारी सकाळी मी डॉक्टरांना सांगितलं. "आत्याने विचारलं. मास्तर तर त्या एका धास्तीवरच जगतायत. आईने काय विचारलं? फाईलमध्ये काय लिहितात."

"दमलेली असेल बिचारी."

"अकरा वर्षं मी त्या बाईला बघते आहे. आजवर किती आया इथे बसल्या! पदर नाहीतर रुमाल पिळत प्रत्येकीने मला तेच विचारलं, माझ्या लेकराला होईल का. या एकीने कधीच नाही. आईला ही काळजी नाही असं होईल का? होणार नाही. म्हणजे तिला उत्तर माहीत आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"तपासणीशिवाय ते माहीत असायला एकच मार्ग आहे," मी म्हटलं. "दोन फायली का गेल्या, तेही मग कळतं. बाप आणि लेक शेजारी शेजारी यायला नकोत, एवढंच चोराला हवं होतं. मुलीची सुई चालते, मास्तरांची चालत नाही. आणि आत्या उठली तेव्हा टेबल मोकळं होतं. त्याच्या आधी हात धुवायला कोण गेलं होतं? वहिनी."

"हा नुसता तर्क झाला, बाई."

"मास्तरांच्या भिंतीवर लिहिलंय एबी. मुलीच्या कार्डावर लिहिलंय ओ."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग एकच वाक्य म्हणाले, "उद्या शुक्रवार आहे."

५

दुपारी बाराला मी आईला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं. मी वाद घातला नाही. म्हटलं, "फायली गादीखाली आहेत. त्या पलंगाला तुमच्याशिवाय कुणी हात लावत नाही."

ती ओट्याला टेकून खाली बसली.

"मी उघडून बघितल्या नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही तो तक्ता काढलात, चौकोनातून रेघ काढून तिच्या गोलापर्यंत नेलीत. मला वाटलं, आता मशिनीतून निघेल की ही रेघ खोटी आहे. कागदावर छापून येईल आणि डॉक्टर मोठ्याने वाचतील."

"त्या रिपोर्टात एक ओळ असते, बाई. बिघाड सापडला किंवा सापडला नाही. वडील कोण ते त्यात कुणी बघतच नाही. 'सापडला नाही' एवढंच आलं असतं. तुमची लेक आनंदाने घरी आली असती आणि कुणाला कधी काही कळलं नसतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. आपण काय केलं हे तिला त्या क्षणी कळलं, आणि मला तिची कीव आली. मी कठोर बाई आहे, पण आली.

"मग द्या ना आणून तो रिपोर्ट," ती म्हणाली. "नंबर आहे त्यात. आत्ता जा. मी कुणाला काही सांगत नाही, तुम्हीही सांगू नका."

तिने जाऊन गादीखालून फायली आणल्या. दोन दिवस त्या मास्तरांच्या अंगाखाली होत्या. पुठ्ठे फुगले होते, कागद एकमेकांना चिकटले होते, वास येत होता. नंबराची चिठ्ठी मी नखाने सोडवली. ती मी शाईच्या पेनाने लिहिली होती, अक्षर छान येतं म्हणून. त्या जागी आता निळा डाग होता. आठ आकड्यांतला पहिला आकडा, दोन, तेवढा वाचता येत होता.

आम्ही दोघी त्या चिठ्ठीकडे बघत राहिलो. बाहेर दुकानात कात्री चालू होती.

"आता सांगायला फक्त तुमचं तोंड उरलंय," मी म्हटलं.

"त्यांना दुसरं काय आहे, बाई? दुकान गेलं, हात गेले. ती एवढी राहिलीये त्यांची."

"त्यांना सांगा असं मी म्हणत नाही. तिला सांगा. उद्या दोन वाजता ती जाणार आहे."

एक वाजता मुलगी वडिलांना भरवायला आत आली.

६

आईने तिला सगळं चार वाक्यांत सांगितलं. रस्त्याच्या कामावर आलेला माणूस, सहा महिने होता, पुढे गेला. मास्तरांनी कधी संशय घेतला नाही.

मुलगी शांतपणे म्हणाली, "खोटं आहे. बाळ वाचावं म्हणून तू काहीही बोलशील."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी मुलीला म्हटलं, "तुझं कार्ड काढ. आणि तुझ्या बाबांच्या भिंतीवरचं आण." तिने आणलं. मी दोन्ही ओट्यावर ठेवली.

"रक्तगटाच्याही दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एबी म्हणजे एक ए, एक बी. ओ म्हणजे दोन्ही कोऱ्या. तुझी एक कोरी आईने दिली. दुसरी वडिलांनी द्यायला हवी. मास्तरांकडे कोरी चिठ्ठीच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"अपवाद नसतात?"

"असतात, फार क्वचित. पण तुझी आई स्वतः सांगते आहे. पुन्हा रक्त दिलंस की तीन आठवड्यांनी रिपोर्ट येईल, तोही हेच सांगेल. ते दुखणं तुझ्या बाबांच्या घरचं आहे. तुझ्यापर्यंत आलेलं नाही, बाळालाही येणार नाही."

तिने दोन्ही कार्डं पुन्हा पुन्हा वाचली. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने आईला विचारलं, "त्याला काय आजार होता?"

"कुणाला?"

"त्याला. त्याच्या घरात कुणाला काय होतं?"

"मला माहीत नाही," आई म्हणाली. "मी विचारलं नव्हतं."

"अकरा वर्षं, आई. कप हातातून सुटला की मी दिवसभर माझा हात बघत बसायचे. तू शेजारी असायचीस. मी लग्नाला नाही म्हणत होते तेव्हाही शेजारीच होतीस."

"रोज ठरवायचे सांगायचं. मग ते हाक मारायचे. तू त्यांची एवढी..."

"आणि मी?"



मुलीने नवऱ्याला फोन केला आणि शुक्रवारची वेळ रद्द करायला सांगितली, कारण सांगितलं नाही. मग पेजेची वाटी भरली आणि आत गेली. दार उघडंच राहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "रिपोर्ट आला. मला नाहीये."

मास्तरांचे हात झटके देत होते. त्यांना शब्द गोळा करायला वेळ लागला. ती चमचा धरून थांबली. मलाही त्या दिवशी त्यांचं बोलणं समजलं.

"माझं... चांगलं... तेवढंच घेतलंस, पोरी."

"हो, बाबा," ती म्हणाली, आणि तिने त्यांना सगळी पेज भरवली. मध्ये दोनदा त्यांचा हात तिच्या तोंडावर बसला, तरी ती हलली नाही. तोंड पुसून, उशा नीट करून ती बाहेर आली. नळाखाली वाटी धुताना ती आईकडे न बघता हळू आवाजात बोलली.

"त्यांच्यासमोर मी तुझ्याशी बोलेन. पूर्वीसारखंच बोलेन, त्यांना काही कळता कामा नये. ते गेले की मला हाक मारू नकोस."

आई बरं म्हणाली.